वाढत्या अंगाचं

ओवीचा पहिला दात चिक्कीत अडकून पडला आणि चौगुल्यांच्या घरात दोन पक्ष झाले. ओवीला तो कौलावर फेकायचा होता, कारण राजमतीअक्कांनी तिला तसंच शिकवलं होतं: पडलेला दात कौलावर टाकला की नवा सरळ येतो. तिच्या आईला, त्रिशलाला, तो शाळेनं दिलेल्या डबीत हवा होता. घराला आता कौलं उरली नव्हती, वर सगळी सौर तावदानं बसली होती, त्यामुळे अक्कांनी फार ताणलं नाही. दात डबीत गेला.

इचलकरंजीच्या शाळांत त्या वर्षापासून मुलांचे दुधाचे दात गोळा करत होते. झाडाच्या खोडात वर्षाला एक वळं पडतं, दुधाच्या दातात रोज एक थर पडतो. पोटात असतानाच दात भरू लागतो, जन्माच्या दिवशी बाळाला बसलेल्या धक्क्याची एक गडद रेघ त्यात उमटते आणि तिथून पुढे आतल्या अंगानं थरावर थर चढत जातात. त्या दिवशी रक्तात जे असेल त्याचा अंश त्या थरात अडकतो. दातवाचक यंत्र दाताची केसापेक्षा पातळ चकती कापतं, लेसरनं एकेक थर जाळून त्याची वाफ करतं आणि वाफेतले रेणू वजनावरून ओळखतं. जन्मरेघेपासून मोजत गेलं की कोणत्या आठवड्यात मुलाच्या अंगात काय गेलं ते समजतं. आई विसरते, दवाखान्याची फाईल हरवते, पण दात तोंडातच असतो.

त्रिशलाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. ती गावातल्या वस्त्र-तपासणी प्रयोगशाळेत मुख्य रसायनतज्ज्ञ होती, आणि तिचा विषयच मुळी लहान मुलांचे रात्रीचे कपडे हा होता. शाळांच्या पालकसभांत ती हातात एक छोटा सुती पायजमा-सदरा धरून बोलायची. तिला सगळे 'पिवळ्या पट्टीच्या मॅडम' म्हणायचे.

"ढगळ्या कपड्याच्या आत हवा खेळते," ती सांगायची. "ठिणगी पडली की ती हवा भात्यासारखी ज्योत वर ओढते. म्हणून ढगळे कपडे विकायचे तर कापडाला आग न पकडणारं फिनिश द्यावं लागतं. तेच रसायन घामात उतरतं. पोरं बाह्या चघळतात, ते पोटात जातं. त्यातली काही रसायनं थायरॉइडच्या कामात लुडबूड करतात. आता हा बघा, अंगासरशी बसणारा. अंग आणि कापड यांच्यामध्ये हवाच नाही, म्हणून आग चटकन भडकत नाही, म्हणून रसायनही नाही. याला पिवळी पट्टी असते. त्यावर लिहिलेलं असतं, फिनिश नाही, मापाचाच घ्या."

आणि इथेच सगळं घोडं अडायचं. मापाचं आपल्याकडे कोण घेतं? आपण घेतो वाढत्या अंगाचं. चार वर्षांच्या पोराला सहा वर्षांच्याचं माप, बाह्या दुमडून आणि नाडी आवळून. पोर त्या कपड्यात मावेपर्यंत कपडा विटतो, मग तो धाकट्याला जातो, त्यालाही तो वाढत्या अंगाचाच होतो. दुकानदारही गिऱ्हाईक बघूनच मोठं माप पुढे करतो. त्रिशला यावर सभेत एक-दोन विनोद करायची आणि आया हसून माना डोलवायच्या.

ओवीचं दंतपत्र, म्हणजे दाताचा अहवाल, आलं ते थेट त्रिशलाच्या संगणकावर. तिनं ते सहज उघडलं. आलेखात अकराव्या महिन्यापर्यंत सगळं स्वच्छ होतं. अकराव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत लाल पट्टा होता, आणि पट्ट्याखाली लिहिलं होतं: ज्वालारोधक, प्रमाण मध्यम ते जास्त.

तिनं बोटांवर महिने मोजले आणि तिच्या कानशिलांना झळ लागल्यासारखं झालं. तेच नऊ महिने ती प्रशिक्षणासाठी अहमदाबादला होती. ओवी तेव्हा अक्कांपाशी झोपायची. क्षणभर तिच्या डोळ्यांपुढे एक निळी पिशवी आली, काठोकाठ भरलेली, बंद ताणलेले, दाराशी ठेवलेली. कसली पिशवी, हा विचार तिनं पुढे नेला नाही. राग आला होता, आणि रागाला जागा लागते.

राजमतीअक्का ही तिची थोरली जाऊ. दोघींच्या घरांत एक भिंत आणि एक सामाईक अंगण होतं. अक्कांनी पुढच्या खोलीत पाळणाघर काढलं होतं. अकरा पोरं, छताला टांगलेले दोन पाळणे, खाली चटया. गावातल्या शिलाई कारखान्यांत आणि मागांवर जाणाऱ्या बाया आपली पोरं बिनघोर त्यांच्या ओट्यात टाकून जायच्या.

त्या दिवशी जेवणं दिवस मावळायच्या आत उरकली आणि त्रिशलानं विषय काढला.

"अक्का, मी अहमदाबादला असताना ओवीला रात्री काय घालत होता?"

अक्का भांडी आवरत होत्या. त्या थांबल्या आणि त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"जे घरात होतं ते," त्या म्हणाल्या.

"ढगळं होतं?"

"वाढत्या अंगाचं होतं."

"पिवळी पट्टी होती का त्याला?"

"न्हाई बाई, पट्टी-बिट्टी काय न्हवती."

मग त्रिशलानं आलेख दाखवला, लाल पट्टा दाखवला, नऊ महिने मोजून दाखवले. तिचा आवाज चढला नाही. तो सभेतलाच समजावणीचा आवाज होता, आणि तो जास्त वाईट होता. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "पोरीला काय व्हतंय का त्यानं?"

"आता नाही. डॉक्टर म्हणतात, लक्ष ठेवा. दरवर्षी थायरॉइड तपासायचं."

"मग बरं," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या. त्रिशलाला ते निर्ढावलेपण वाटलं.

पुढच्या पालकसभेत ती म्हणाली, "दुसऱ्याचं कशाला सांगू? दिव्याखालीच अंधार. माझ्या घरात, माझ्या मुलीच्या दातात हा पट्टा निघाला. मी बाहेरगावी होते. मूल ज्यांच्यापाशी होतं त्यांनी प्रेमानंच घातलं असेल, पण अज्ञान हे अज्ञानच." तिनं नाव घेतलं नाही. इचलकरंजीत नाव घ्यावं लागत नाही. मूल कोणापाशी होतं ते सभेतल्या निम्म्या बायांना ठाऊक होतं, कारण त्यांचीही मुलं तिथेच होती किंवा तिथेच वाढली होती.

दुसऱ्या सोमवारी अक्कांकडे सात पोरं आली. पुढच्या आठवड्यात तीन. बाया तोंडावर काही बोलल्या नाहीत, कुणाची सासू गावाहून आली होती, कुणाच्या कारखान्यात पाळणाघर निघालं होतं. महिना संपेस्तोवर एकही पोर उरलं नाही. अक्कांनी पाळणे वर खुंटीला बांधून ठेवले आणि चटया गुंडाळून भिंतीला लावल्या. ओवीची वेणी मात्र त्या रोज सकाळी घालत होत्या, आधीसारखीच घट्ट.

त्रिशलाला वाईट वाटलं. नाही असं नाही. पण ते वाईट वाटणं सोयीचं होतं. त्यात तिची स्वतःची बाजू शाबूत होती.

तीन महिन्यांनी दुसरा अहवाल आला. दातवाचकाचा हा दुसरा टप्पा नवा होता. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक कारखान्याचं, प्रोसेस हाऊसचं, फिनिश म्हणजे चार-पाच रसायनांचं मिश्रण असतं, आणि त्यांचं प्रमाण ज्याचं त्याचं वेगळं. आजीच्या हातच्या आमटीसारखं ते ओळखता येतं. दातातल्या रेणूंचं प्रमाण जुन्या मिश्रणांशी ताडून पाहिलं की कापड कुठून आलं ते निघतं. या ताळ्यासाठी लागणारा ठसेसंग्रह गावातल्या प्रयोगशाळेतच होता, आणि तो त्रिशलानंच वर्षानुवर्षं नोंदी करून उभा केला होता.

ओवीच्या दातातला ठसा पी-३१ या मिश्रणाशी जुळला होता. जुळणी शंभरात नव्व्याण्णव.

पी-३१ बाजारात कधी आलंच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एका कारखान्यानं ते प्रयोगापुरतं बनवलं होतं. जुन्या फिनिशपेक्षा सौम्य असेल असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं. तपासणीसाठी चाळीस कपडे प्रयोगशाळेत आले. आगीची परीक्षा ते पास झाले, पण पुढे घामात रसायन उतरतं असं दिसलं आणि मिश्रण रद्द झालं. जगात पी-३१ चे कपडे होते ते एवढेच चाळीस, आणि ते ज्या कपाटात होते त्याची किल्ली त्रिशलाकडे असायची.

आता निळी पिशवी नीट दिसली. अहमदाबादला निघायच्या आदल्या दिवशी तिनं ती भरली होती. परीक्षा झालेले नमुने फेकूनच द्यायचे असत, आणि प्रयोगशाळेतलं प्रत्येक माणूस त्यातलं चांगलं बघून घरी न्यायचं. मऊ कापड होतं, नवंकोरं. अंगणात तेव्हा पाणी तापवायचा बंब पेटायचा आणि ओवी नुकती धरून धरून चालायला लागली होती. बंबापाशी जाईल, सदऱ्याचं टोक नाही तर बाही पेटेल, या भीतीनं त्रिशलाची झोप उडाली होती. म्हणून तिनं आग न पकडणारे कपडे निवडले, सहा निवडले, आणि दोन मापं मोठे निवडले. वाढत्या अंगाचे. सभेत यावरच विनोद करणाऱ्या पिवळ्या पट्टीच्या मॅडमनी.

त्यात गुन्हा नव्हता. त्या वेळी जे माहीत होतं त्यावर एका आईनं केलेली ती निवड होती, आणि आठवली असती तर ती सभेत सांगता आली असती. लाज वेगळ्याच गोष्टीची होती. पहिलं पत्र उघडलं त्या दिवशी पिशवी तिला दिसली होती, आणि तिनं मान फिरवली होती.

ठसेसंग्रहातली नोंद पुसायचा अधिकार तिलाच होता. पुसायची तर कारण लिहावं लागे. तिनं चौकटीत 'दुबार नोंद' असं लिहिलं. ते दोन शब्द तिनं बराच वेळ वाचले. बाहेर शिपाई कुणाशी तरी चहावरून वाद घालत होता. तिनं ते शब्द खोडले, संगणक बंद केला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली.

अक्का पुढच्या खोलीत एकट्याच बसून वाटाणे सोलत होत्या. वर पाळणे खुंटीला.

"अक्का, ते कपडे मी आणले होते," त्रिशला उभ्यानंच म्हणाली. "निळ्या पिशवीतून. मीच."

"व्हय," अक्का म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

अक्का उठल्या, आत गेल्या आणि ट्रंकेतून घडी घातलेला एक फिकट सदरा घेऊन आल्या. पाठीवर, वीतभर लांब आणि चार बोटं रुंद, हिरव्या छिटाचं ठिगळ होतं, त्यावर टाक्यांनी काढलेला एक पोपट. बाकीच्या पाचांवर कमळ, मासा, काय काय होतं, ते आता आठवलं.

"पिशवी दिलीस तवा प्रत्येकाच्या पाठीला असं भोक होतं. सरळ कापलेलं," अक्का म्हणाल्या. "मी इचारलं, हे काय गं? तू म्हणालीस, आगीच्या तपासणीला पट्टी कापून घेतात, बाकी कापड चांगलं हाय. मग मी ठिगळं लावली. पोरीला आवडायची. पोपटाचा दे म्हणून रडायची."

"मग मी विचारलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुला ठाऊक हाय." अक्कांनी सदऱ्याची घडी नीट केली. "ठाऊक असूनच इचारतीस असं वाटलं. नोकरीचा काय तरी प्रश्न असंल, वरचे लोक धरतील तुला. म्हटलं, असू दे. माझं काय, आज हाय उद्या न्हाई. घरात ऱ्हाऊ दे."

त्रिशला त्यांच्यासमोर खाली बसली. आपली जाऊ आपल्याला अज्ञानी वाटली होती. जावेला मात्र आपण खोटारड्या वाटत होतो, आणि तरी ती रोज आपल्या पोरीची वेणी घालत होती. कुठलं जास्त झोंबतंय ते तिला ठरवता येईना. तिनं अक्कांच्या पायांकडे हात नेला, तर अक्कांनी पाय मागे घेतले.

"पाया-बिया पडू नगंस," त्या म्हणाल्या. "जिथं बोललीस तिथं बोल."

महिनाअखेरीच्या पालकसभेत त्रिशलानं सगळं सांगितलं. पी-३१ सांगितलं, कपाटाची किल्ली सांगितली, निळी पिशवी सांगितली. मागे सभेत बोलले ते खोटं होतं, राजमतीअक्कांचा यात काही दोष नाही, मी संन्याशाला सुळी दिली, असं स्पष्ट सांगितलं. अक्का शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. त्रिशला बोलायची थांबली आणि एकदम टाळ्या वाजल्या.

मुख्याध्यापक बाई उठून उभ्या राहिल्या. "याला म्हणतात मोठं मन," त्या म्हणाल्या. "घरातल्या माणसाची चूक स्वतःच्या अंगावर घ्यायची, हे येरागबाळ्याचं काम नाही."

"तसं नाही हो बाई," त्रिशला म्हणाली. "खरंच मी..."

"आम्ही समजू शकतो, मॅडम," पुढच्या रांगेतल्या एकीनं डोळे पुसत सांगितलं.

तिनं अहवाल दाखवला. आलेख आणि आकडे कुणाला कळणार? आजवर त्यांनी आकड्यांवर नव्हे, तिच्या आवाजावर विश्वास ठेवला होता, आणि तोच आवाज आता स्वतःबद्दल खरं सांगत होता तर कुणाला पटेना. शिकलेली मॅडम असली चूक कशी करेल? अक्का मात्र करू शकतात, हे सगळ्यांना सहज पटलं होतं.

परत येताना दोघी बाजूबाजूनं चालल्या.

"खरं बोललीस," चौकात आल्यावर अक्का म्हणाल्या. "पण नाव तुझंच मोठं झालं की गं."

दुसऱ्या दिवसापासून त्रिशला कामावरून सुटली की पोपटाचा सदरा आणि दंतपत्र पिशवीत घालून घरोघर जाऊ लागली. पोरं काढून घेतलेल्या अकरा घरांची नावं तिनं अक्कांना न विचारता लिहून काढली होती. पहिल्या घरी चहा मिळाला. दुसऱ्या घरी चहा आणि पोहे. तिसऱ्या घरी म्हाताऱ्या सासूबाई म्हणाल्या, जावेसाठी इतकं करणारी बाई मी पाह्यली न्हाई. चौथ्या घरची बाई तिच्यासोबत फोटो काढून घेते म्हणाली. प्रत्येक घरातून ती आधीपेक्षा मोठी होऊन बाहेर पडत होती. तिला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

पाचवं घर दीपाली तेरदाळेचं. दीपाली कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर होती. तिचं पोर, दोन वर्षांचा अथर्व, अक्कांकडे सगळ्यात आधी यायचं आणि सगळ्यात शेवटी जायचं. ती नुकतीच कामावरून आली होती, केसांत धाग्यांचे तुकडे अडकलेले. तिनं त्रिशलाला बस म्हटलं, पण चहाचं नाव काढलं नाही. सगळं ऐकताना तिनं सदरा हातात घेतला, उलटा केला आणि ठिगळाच्या आतल्या कडा अंगठ्यानं चाचपल्या.

"हे डायनं कापलंय, साच्याच्या पात्यानं," ती म्हणाली. "कातरीनं अशी धार येत न्हाई. घरात कुणाकडं डाय असतोय?"

"प्रयोगशाळेत असतो," त्रिशला म्हणाली. "आगीच्या तपासणीची पट्टी काढायला."

दीपालीनं शिवणीच्या आत बोट घातलं. तिथे शाईचा पुसट शिक्का होता: पी-३१, नमुना १७. त्याखाली त्रिशलाची बारीक सही. धुऊन धुऊन ती विटली होती, पण वाचता येत होती. त्रिशलाच्या हातून तो सदरा चार घरं फिरला होता आणि आतून उलटा करून तिनंही पाहिला नव्हता.

दीपालीनं सहीकडे पाहिलं, मग त्रिशलाकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हणजे खरंच तुम्हीच आणलं."

"हो."

"आणि भर सभेत त्यांच्यावर ढकललं."

"हो."

"माझ्या पोराला ताप होता तवा त्या बाईनं दोन दिवस मांडीवरनं खाली ठेवलं न्हाई. मी तुमचं ऐकून तिच्या दारात जायचं बंद केलं. रस्त्यात दिसली तर मान खाली घालून गेले." दीपाली उठून उभी राहिली. तिनं सदरा घडी करून त्रिशलाच्या हातात ठेवला. "एका अंगणात ऱ्हाता न्हवं तुम्ही? सकाळी उठून तोंड कसं दाखवता त्या बाईला?"

"दाखवता येत नाही," त्रिशला म्हणाली.

"मग माझ्या दारातबी उभ्या ऱ्हाऊ नका," दीपाली म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

त्रिशला पायरीवर तशीच उभी राहिली. समोरच्या गल्लीत मागांचा खडखडाट चालू होता. तिचे डोळे भरून आले आणि छाती मात्र, किती तरी दिवसांनी, मोकळी झाली. आजवरच्या पाच घरांत हे एकच घर होतं जिथे तिच्यावर कुणी विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात ओवीच्या वेणीची वाट बघत होती, तेव्हा दीपाली अथर्वला कडेवर घेऊन आली. ती त्रिशलाच्या शेजारून गेली, तिच्याकडे पाहिलंही नाही, आणि थेट अक्कांच्या दारात जाऊन खाली मान घालून उभी राहिली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. अक्कांनी हात पुढे करून पोराला घेतलं. मग खुंटीवरची दोरी सुटल्याचा आवाज आला आणि एक पाळणा खाली आला.

त्रिशला दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. अक्का तिच्याकडे पाठ करून अथर्वला थोपटत होत्या.

"त्रिशला," त्या मागे न बघता म्हणाल्या, "अजून सहा घरं राहिली न्हवं?"